चाकामागचा हिंडोळा

गाडीच्या मागे काहीतरी लावून द्या, म्हणत आलेल्या माणसाला मी आधी बसायला सांगतो, मग पाणी देतो आणि मग नाही म्हणतो. पाण्याने माणूस जरा निवतो आणि नकार कमी टोचतो. शहाद्यात प्रकाशा रस्त्याला माझं वेल्डिंगचं दुकान आहे. हल्ली डोळ्यांनी संप केल्यामुळे होल्डर पुतण्याच्या हातात गेला आहे आणि मी बाहेर खुर्ची टाकून त्याच्या चुका काढतो. ट्रॉलीचे हूक, जीपचे कॅरियर, शिड्या, पायदानं, रसवंतीचे गाडे, बँडचे गाडे. या भागात चाकांवर चालताना मागे काहीतरी लोंबत असलेलं जे जे दिसेल, त्यातलं बरंचसं माझ्या हातचं समजावं. त्यातलं काही रस्त्यात पडलेलं दिसलं, तर ते दुसऱ्या दुकानातलं.

अंकासाठी धंद्यातलं काहीतरी लिहा असा निरोप आला, तेव्हा मी दोन दिवस घुटमळलो. वेल्डिंगवर वाचणार कोण? गाडीच्या मागे काय लावलंय हे माणूस फक्त त्यावर धडकल्यावर बघतो. पण मग मगनदादांचा हिंडोळा आठवला आणि म्हटलं, हे लिहायलाच पाहिजे. नाहीतर माझ्यामागे हा किस्सा दुसरा कुणीतरी सांगेल आणि नट-बोल्टांची माहिती चुकीची देईल.

आधी धंदा समजून घ्या. गाडीला पुढची चाकं असतात आणि मागची चाकं असतात, इथवर सगळे हुशार आहेत. पण मागच्या चाकांच्याही मागे गाडीचं शेपूट असतं. दोन चाकांच्या मधे ठेवलेलं पोतं आणि शेपटावर ठेवलेलं तेच पोतं, ही दोन वेगळी पोती आहेत. मधलं पोतं चारही चाकं वाटून घेतात. शेपटावरचं पोतं मागच्या चाकांना दाबतं आणि वर पुढच्या चाकांना उचलतं. जितकं लांब टांगाल, तितका त्याचा जोर जास्त. पुढचं हलकं झालं की स्टेअरिंग फिरतं, पण चाकं रस्ता धरत नाहीत. बैलगाडीवाल्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. मागे भार जास्त झाला की जू वर जातं आणि बैलांचे गळे आवळतात. गाडी उलाळ झाली, म्हणतात. मोटारीला गळा नसल्यामुळे ती ओरडत नाही, एवढाच फरक.

हे न ऐकणाऱ्यांचा मला राग येतो आणि त्यांच्यामुळेच माझं घर चाललं, हेही खरं. खांडबाऱ्याकडचा एक बँडवाला होता. त्याने एका छोट्या टेम्पोच्या मागे भोंग्यांची भिंत उभी करून घेतली, माझ्याकडे नाही, मी पाणी पाजून परत पाठवला होता. एका वरातीत चढावर टेम्पोचं तोंड आभाळाकडे गेलं. नवरदेवाचे मामा, सनईवाला आणि दोन ताशेवाले असे चौघं बॉनेटवर चढून बसले, तेव्हा कुठे चाकं जमिनीला टेकली. वरात तशीच पुढे गेली. सनईवाला वाजवतही होता. त्यानंतर त्या बँडला सुपाऱ्या वाढल्या, कारण लोकांना वाटलं हा त्यांचा खास प्रकार आहे. अशा ठिकाणी माझ्यासारख्याने काय बोलायचं?

तर मगनदादा. ब्राह्मणपुरीचे गुजर शेतकरी, केळी आणि ऊस, वय पंचाहत्तरीच्या पुढे, अंगावर पांढरं शुभ्र धोतर आणि बोलण्यात हुकूम. त्यांच्या मुलाने, हितेशने, एक जुनी मिनीबस घेऊन तिचं घर करून घेतलं. आत पलंग, गॅसची शेगडी, छोटी मोरी, संडास, सोफा. मोटरहोम म्हणतात म्हणे. गावात तिला घरगाडी हे नाव पडलं. ती घरगाडी एका सकाळी माझ्या दारात उभी राहिली. दादा उतरले, पाणी प्यायले, आणि म्हणाले,

"मिस्तरी, हिंडोळा बसाडना शे."

"कोठे?"

"गाडीले."

मी हितेशकडे पाहिलं. तो आपल्या चपलेकडे पाहत होता.

"घरमा झोपाले पलंग शे," दादा म्हणाले, "रांधाले शेगडी शे, न्हावाले मोरी शे. बठाले काय शे? काहीच नही."

"सोफा शे ना, पप्पा," हितेश पुटपुटला.

"सोफा हालत नही."

"गाडी हालस ना!"

"गाडी हालस ती रस्ताना मनथीन," दादा म्हणाले. "हिंडोळा हालस तो मन्हा मनथीन."

दादांच्या मर्जीने हलणारा हा हिंडोळा मी पाहिलेला होता. गुजरांच्या घरात ओसरीवर हिंडोळा असतोच. घरधनी त्यावर बसतो, पायाने जमिनीला हळूच रेटा देतो आणि तिथूनच घर चालवतो. दादांचा पाट जाड सागवानाचा, दोन माणसांनी धाप टाकत उचलावा असा, आणि साखळ्या पितळेच्या, त्यांत पोपट आणि हत्ती ओवलेले. केळीला पाणी कधी सोडायचं, सून कुठली करायची, कुणाशी बोलायचं आणि कुणाशी नाही, हे सगळं त्या पाटावर झोके घेत ठरलेलं. जमिनीवर उभं राहून मगनदादांनी एकही निर्णय घेतल्याचं कुणाला आठवत नाही.

माझं पाणी देऊन झालेलंच होतं, म्हणून सरळ नाही म्हणालो. एवढा पाट, एवढ्या साखळ्या, त्यांना धरायला लोखंडी चौकट, आणि हे सगळं शेपटावर. त्यात पोतं निदान गप्प बसतं, हिंडोळा हलतो. हलतं वजन प्रत्येक खड्ड्याला धक्का देतं. "दादा, गाडी उलाळ व्हई," मी म्हटलं. ते उठून गाडीत जाऊन बसले. नाही हा शब्द त्यांच्या फार वापरातला होता, पण तो दुसऱ्याकडून ऐकायची सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी भाभी आल्या. दादांच्या पत्नी, मंजुळाभाभी. गावच्या कुणाच्या तरी रिक्षातून एकट्याच आल्या. गुडघ्यांनी अधू झालेल्या, त्यामुळे दुकानाची पायरी चढायला त्यांनी दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली.

"मिस्तरी, नही म्हनू नका," त्या बसता बसताच म्हणाल्या. "तुमी नही म्हनशात ते ह्या जावाव नहीत. ह्या नही जावाव ते मी बी कशी जासू?"

ह्या म्हणजे दादा. मग त्यांनी सांगितलं ते असं. सातपुड्यात, मोलगीच्या पलीकडच्या एका पाड्यावर सोनकीबाई राहते. ऐन जवानीपासून ती दर साली ऊसतोडीला, कापूस वेचायला ब्राह्मणपुरीला यायची आणि दादांच्या शेतात झोपडी टाकायची. भाभींची आणि तिची गट्टी जमली. भाभींच्या दोन बाळंतपणांत सोनकीनेच त्यांना न्हाऊमाखू घातलं. "हर वरीस जाताना सांगे, भाभी, एक डाव मन्हा घर या. मी म्हनू, इसू. तिन्हा डोंगर मन्हा गच्चीवरथीन दिखतस. रोज दिखतस. पन कधी गऊ नही." आता सोनकी येत नव्हती. तिचे गुडघे गेले होते. भाभींचेही गेले होते. मुलाने घरगाडी आणली, आत झोपता येतं, संडास आहे, तेव्हा भाभींनी आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याकडे काहीतरी मागितलं, की मला सोनकीच्या घरी न्या.

"मंग दादांना हिंडोळा कसाले पाहिजे?" मी विचारलं.

भाभींनी पदराने तोंड पुसलं. "तिन्हा घर बठानं कोठे, हाई त्यासले समजत नही, मिस्तरी. आपला घर ती खाले बठे, ह्या हिंडोळावर. आते तिन्हा घर जाईसन ह्या कोठे बठतीन? खाटवर? खाले? म्हनीसन सोतानी जागा सोबत लई जाई ऱ्हायनात."

मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. ज्या माणसाला दुसऱ्याच्या घरी कुठे बसावं हे पंचाहत्तरीत कळत नाही, त्याच्यासाठी चौकट बनवणं हे वेल्डरचं काम नाही. पण भाभींचं जाणं त्या चौकटीवर अडलं होतं. मी हो म्हटलं. एकदा नाही म्हटलेल्या वजनाला धंद्यात मी पहिल्यांदाच हो म्हणत होतो आणि तेही असल्या खुळचट वजनाला.

हो म्हटल्यावर मात्र मी कुणाचं ऐकत नाही. गाडीच्या मागच्या बंपरला मी हातही लावला नाही. बंपर म्हणजे शोभेचा पत्रा, त्यावर भरवसा ठेवणारे लोक शेवटी रस्त्यातून आपला माल वेचत बसतात. गाडीच्या पोटाखाली दोन लांब लोखंडी तुळया असतात, त्यांना आम्ही चासी म्हणतो. तिथपर्यंत आत शिरून मी चौकटीचे पाय नेले आणि पट्ट्या घालून नट-बोल्टने आवळले. चासीवर वेल्डिंग करायचं नाही. तापवलेलं पोलाद तिथेच नरम पडतं आणि पुढे कधीतरी ऐन वेळी दगा देतं. वेल्डर असून वेल्डिंगला नकार देतो म्हणून हितेश चकित झाला.

हिंडोळा गाडीच्या मागच्या भिंतीला जेवढा चिकटवता येईल तेवढा चिकटवला. त्यामुळे झोका हातभरच बसायचा. दादांनी बसून पाहिलं आणि म्हणाले, "हाई काय झोका शे? हाई ते डुलकी शे." मी म्हटलं, डुलकीच मिळेल. आणि चालत्या गाडीत तीही नाही. गाडी सुरू व्हायच्या आधी पाट उचलून भिंतीला दोरीने करकचून बांधायचा, साखळ्या पोत्यात गुंडाळायच्या. हिंडोळ्यावर बसणं फक्त गाडी उभी असताना.

मग आतलं घर उलटंपालटं केलं. पाण्याची टाकी मागे पलंगाखाली होती, ती ओढून मधे आणली. बॅटऱ्या, गॅसची टाकी, धान्याचे डबे, सगळं पुढे सरकवलं. पुढे जाड पाईपचा बंपर लावला, तेवढाच नाकावर भार. चौकटीने मागचे दिवे आणि नंबरप्लेट झाकली जात होती, ती बाहेर काढून लावली. मागच्या टायरांवर किती भार चालतो ते टायरवरच कोरलेलं असतं, ते हितेशला वाकून वाचायला लावलं. शेवटी कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर गेलो. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर चढवली, मग फक्त मागची. किती वजन कुठे पडतं ते असंच कळतं. काट्यावरच्या माणसाने खिडकीतून विचारलं, "काय माल शे?" हितेश म्हणाला, "हिंडोळा." त्या माणसाने डोकं बाहेर काढून मागे पाहिलं, पुन्हा आत घेतलं आणि तो एवढंच म्हणाला, "कापूस म्हनीसन लिखस."

एक गोष्ट मात्र माझ्या हाताने आपोआप केली. माझ्या हाताला मोलगीच्या जीपांची सवय. त्या जीपांच्या मागे माणसं उभी राहणार, लटकणार, म्हणून मी मागे रुंद पायदान करतो, धरायला आडवा दांडा करतो आणि टपावर जायला शिडी. हिंडोळ्यावर चढायला पायरी लागणारच होती. ती करता करता पायदान झालं, दांडा झाला आणि शिडीही झाली. पुतण्या म्हणाला, "काका, हाई ते मोलगीनी जीप व्हई गई." मी म्हटलं, मजबूत आहे ना? झालं तर मग.

निघायच्या दिवशी दादांनी हुकूम सोडला की मिस्तरी सोबत येईल. माझीही ना नव्हती. नवीन लावलेले नट थोडं अंतर चालल्यावर सैल होतात, ते पुन्हा आवळावे लागतात, आणि ते दुसऱ्याच्या हाताने आवळलेले मला चालत नाहीत. तळोद्याला एकदा आवळले. हितेश गाडी चांगली चालवत होता, पुढची चाकं रस्ता धरून होती. भाभी खिडकीशी बसल्या होत्या आणि डोंगर जवळ येतोय तसतशा काचेला नाक लावत होत्या. दादा सोफ्यावर बसून सोफा किती वाईट आहे हे सांगत होते.

अक्कलकुवा मागे टाकून घाटाच्या पायथ्याशी आलो. चढाला लागण्याआधी पुन्हा एकदा नट बघावेत म्हणून मी गाडी थांबवायला लावली आणि पाना घेऊन खाली शिरलो. तो मोलगीच्या बाजाराचा दिवस होता. आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही ते आलं नाही.

मी गाडीखाली उताणा पडलेला, आणि बघता बघता मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे माझ्या नाकावर दबायला लागले. मान वळवून पाहिलं तर पायच पाय. अनवाणी पाय, चपलांचे पाय, चांदीच्या कड्यांचे पाय आणि एका बकरीचे चारही पाय. मी सरपटत बाहेर आलो. घाटाखाली जीपची वाट पाहत थांबलेल्या बाजारकरूंना मागे पायदान, आडवा दांडा आणि शिडी असलेली गाडी दिसली. अशी गाडी कुठे जाते हे त्यांना विचारावं लागत नाही. ते नुसते चढले होते. टपावर पोती गेली होती, दांड्याला माणसं लटकली होती. आणि एका म्हाताऱ्या बाबाने दोरी सोडून, पाट खाली करून, मांडीवर कोंबडी घेऊन हिंडोळ्यावर बैठक मारली होती. तो पायाने हलकेच झोका घेत होता. नवीन सीट त्याला आवडल्यासारखी दिसत होती.

"उतर! उतर खाले!" मगनदादा दारातून ओरडले. त्यांचा आवाज चिरकला होता. त्या पाटावर दुसऱ्या कुणी बसलेलं त्यांनी बहुधा जन्मात पाहिलं नसावं.

बाबाने शांतपणे विचारलं, "मोलगी ना?"

तेवढ्यात आणखी दोघं शिडीला लागले आणि गाडीचं नाक स्पष्ट वर आलं. मी उतरा, उतरा म्हणून बोंबललो. लोक उतरले नाहीत. त्यांच्यातलेच चार जण नेहमीच्या सवयीने उतरून पुढे गेले आणि बंपरवर चढून काचेला पाठ लावून बसले. मोलगीच्या जीपांत असंच करतात, मागे भार झाला की चौघं पुढे. नाक पुन्हा खाली आलं. हितेशला समोरच्या काचेतून रस्त्याऐवजी चार पाठी दिसू लागल्या. त्याने वायपर चालू केला, का ते त्यालाही सांगता येणार नाही.

"गाडी फिरव," दादा त्याला म्हणाले. "घर चाल. हाई आपलं काम नही."

हितेशने माझ्याकडे पाहिलं, मी दादांकडे. ते रागाने बोलले असतील, पण मला वाटलं, त्यांना परत फिरायला कारण हवंच होतं आणि ते आयतं मिळालं.

भाभींनी पिशवी उचलली, दाराला धरून एक एक पाय खाली ठेवला आणि मागे येऊन थांबलेल्या खऱ्या जीपकडे चालू लागल्या. जीप आधीच भरलेली. त्यांनी दांडा धरला आणि पायदानावर पाय टाकायचा प्रयत्न केला. गुडघा वाकेना. पुन्हा प्रयत्न केला. आतून कुणीतरी हात दिला. मी ते बघत उभा होतो. ते पायदान माझंच होतं, जवान पायांच्या मापाने उंच केलेलं.

"मंजू," दादांनी हाक मारली. ओसरीवरून मारायचे तशी नव्हती ती.

"तुमी जा घर," भाभी पाठमोऱ्याच म्हणाल्या. "मी सोनकीकडे जाई ऱ्हायनी."

दादा माझ्याकडे वळले. "मिस्तरी, काय कराना?"

हा प्रश्न मला वजनाचा म्हणून विचारला गेला होता, म्हणून मी वजनाचंच उत्तर दिलं. सांगितलं की मागे माणूस लटकवून मी ही गाडी घाटात चढू देणार नाही, पुढे काचेवर तर नाहीच. ज्यांना पुढची जीप मिळते त्यांनी तिने यावं. ज्यांना उभं राहवत नाही अशा म्हाताऱ्या माणसांना नेता येईल, पण त्यांना दोन चाकांच्या मधे बसवावं लागेल. गाडीत सगळ्यात सुरक्षित जागा तीच.

"म्हंजे कोठे?"

"म्हंजे घरमा, दादा. पलंगवर, सोफावर."

घरगाडीत असे प्रवासी भरायचे नसतात, हे मला माहीत आहे. कुणी शहाणा वाचक पत्र लिहिणार असेल तर तेवढे श्रम वाचवावेत.

आत्तापर्यंत दादांनी एवढा मोठा निर्णय रस्त्यावर उभं राहून घेतला नव्हता. मग त्यांनी धोतराचा सोगा सावरला आणि दार पूर्ण उघडून धरलं. "चला मंग," ते म्हणाले. "मंजू, ये. त्यासले सोफा दखाड."

बकरी मोरीत गेली. तीन म्हाताऱ्या पलंगावर पाय वर घेऊन बसल्या आणि गादी दाबून दाबून पाहू लागल्या. कोंबडीवाला बाबा सोफ्यावर बसला आणि दोन वळणांनंतर म्हणाला की मागची सीट जास्त चांगली होती. दादांनी चमकून त्याच्याकडे पाहिलं. "तेच मी सांगी ऱ्हायनू," ते हितेशला म्हणाले. त्यानंतर सबंध घाट ते दोघं सोफ्याला नावं ठेवत आले. बाबा आपल्या बोलीत, दादा आपल्या. भाभींनी शेगडी पेटवू म्हटलं ती मी पेटवू दिली नाही, तेव्हा त्यांनी डब्यातल्या लाडवांचं वाटप केलं. गाडी चढताना एकदाही डगमगली नाही. माणसं भरूनही इतकी नीट चढलेली गाडी मी त्या घाटात पाहिलेली नाही, हे नोंदवून ठेवतो.

मोलगीला सगळे उतरले. कोंबडीवाल्या बाबाला सोनकीबाईचा पाडा ठाऊक होता. त्याने बाजाराचं काम तसंच ठेवलं आणि वाट दाखवायला सोबत आला, बहुतेक हिंडोळ्यासाठी.

सोनकीबाईचं घर उतारावर, कुडाचं, वर कौलं, पुढे सारवलेलं अंगण. ती दारात आली, डोळ्यांवर हात धरला आणि गाडीतून उतरणाऱ्या भाभींना पाहून जागच्या जागी खाली बसली. भाभी तिच्यापाशी पोचल्या, पण त्यांना वाकता येईना आणि सोनकीला उठता येईना. शेवटी सोनकीच्या सुनेने आणि मी मिळून सोनकीला उभं केलं. रडत होत्या की हसत होत्या, ते मी बघितलं नाही. नट बघायला गेलो.

सुनेने खाट टाकली, त्यावर धुतलेली गोधडी अंथरली आणि दादांना हात केला. दादा खाटेकडे बघत राहिले. "नको नको," ते म्हणाले, "मन्ही जागा मी लयेल शे." आणि गाडीच्या मागे आले. मी दोरी सोडली, पाट खाली केला, साखळ्यांवरचं पोतं काढलं. पोपट आणि हत्ती उन्हात चमकले. दादांनी धोतर सावरलं.

पण भाभी आधी पोचल्या होत्या. सोनकीचा हात धरून त्यांनी तिला पायदानापर्यंत आणलं होतं.

"बठ," त्या म्हणाल्या.

सोनकी मागे सरली. ब्राह्मणपुरीच्या ओसरीवर तिने हा पाट किती वेळा पुसला असेल, साखळ्या चिंचेने किती वेळा घासल्या असतील. बसली मात्र कधीच नव्हती. तिने दादांकडे पाहिलं. दादा आमच्यापैकी कुणाकडेच पाहत नव्हते. "बठ ना व," भाभींनी तिला खांद्याने रेटलं, सुनेने खालून आधार दिला, आणि सोनकीबाई पाटाच्या अगदी कडेवर टेकली. भाभी तिच्या शेजारी बसल्या आणि पाट भरला.

दादा उभे होते. अंगणात पाड्यावरची माणसं जमली होती. खाट रिकामी होती, पण तिला तर ते नको म्हणून बसले होते.

"तुमी पुढे जा," भाभी म्हणाल्या.

"कोठे?"

"बंपरवर जाईसन बठा. आमी दोन्ही मांगे शेत. गाडी उलाळ व्हई."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. "मिस्तरी, खरं शे का?"

उभ्या गाडीला, चाकांखाली दगड लावलेले असताना, दोन म्हाताऱ्या बायांच्या वजनाने काहीही होत नाही. पुढे माणूस बसला काय आणि न बसला काय. वजनाच्या बाबतीत मी आजवर गिऱ्हाइकाशी कधी खोटं बोललो नव्हतो, त्याच जोरावर तर सगळ्यांना नाही म्हणत आलो.

"खरं शे, दादा," मी म्हणालो. "पुढे कोनी तरी पाहिजे."

मगनदादा गाडीला वळसा घालून पुढे गेले. मागे साखळ्या कुरकुरायला लागल्या, सोनकीबाईने झोक्याबरोबर "अई" केलं आणि मग ती भाभींच्या खांद्यावर डोकं टेकून हसत सुटली.

"मिस्तरी," पुढून दादांचा आवाज आला, "बराबर बठेल शे ना मी?"

मी पुढे जाऊन पाहिलं. पाईपच्या बंपरवर, एका टोकाला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ते ताठ बसले होते.

"थोडं मधे सरका, दादा," मी म्हणालो, आणि ते सरकले.